मदत हवी आहे: ही खरी महोगनी की आफ्रिकन?

नमस्कार मंडळी. कणकवलीजवळ मामांच्या पडीक जागेत महोगनी लावायचं चाललंय. नर्सरीवाला ‘अमेरिकन’ म्हणून रोपं देतोय, मला मात्र ती खाया, म्हणजे आफ्रिकन महोगनी वाटतेय. ॲमेझॉनच्या जंगलातली स्विटेनिया मॅक्रोफायला, म्हणजे खरी ‘अमेरिकन’ महोगनी, बेसुमार तोडीने धोक्यात आली. २००३ पासून तिथल्या लाकडाच्या निर्यातीला साइट्स (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराखाली परवाना लागतो. ‘म्हणूनच सोन्याचा भाव’ हे नर्सरीवाल्याचं पालुपद!

त्याच्याकडचं बी पाहिलं. चपटं, गोलसर, कडेनं सगळीकडून पातळ पापुद्रा. स्विटेनियाच्या बीला एकाच टोकाला लांब तपकिरी पंख असतो, फळही बुडाकडून उकलतं. पण रोपं त्याच बियांची कशावरून? हातभर उंचीच्या रोपात फरक पानावरून ओळखता येतो का?

दुसरं, शेंडा पोखरणारी अळी. शेंडा गेला की बाजूने फांद्या फुटतात, मग सरळ सोट खोड विसरा. कोकणात कुणी आंबा-काजूच्या सावलीत लावून पाहिलंय का? फरक पडला?

आणि प्रत्यक्ष लाकूड विकलेलं कुणी असेल तर काय दर मिळाला तेही सांगा. ‘बायबॅक करार करू’ (म्हणजे लाकूड पुढे आम्हीच विकत घेऊ) म्हणणारे कृपया लांब राहा.