'बालेकिल्ला' : नागपूर नेमकं कोणाचं?

धरमपेठकर : नागपूर लोकसभेच्या बातम्यांत 'बालेकिल्ला' हमखास येतो. कधी काँग्रेसचा, कधी भाजपचा. 'गड' आणि 'बालेकिल्ला' एकच का?

इतवारीकर : नाही, आणि फरक जपायला हवा. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. गडाच्या माथ्यावरचा, वेगळ्या तटाचा भाग तो बालेकिल्ला. राजगडाचा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. माची पडली तरी तो लढवता येई. त्यामुळे नुसतं जिंकत राहणं पुरेसं नाही. आजूबाजूचं सारं गेलं तेव्हा ती जागा टिकली का, हे बघायचं.

या अर्थाने १९७७ चं नागपूर काँग्रेसचा बालेकिल्ला. उत्तरेत पक्ष भुईसपाट झाला, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, आणि इथून गेव्ह आवारी निवडून आले.

महालवासी : अर्थ पटला भाऊ, पण आधीचं बघा ना. १९५२ आणि १९५७ ला अनसूयाबाई काळे, काँग्रेसच्या. त्यानंतर १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे, तेही अपक्ष! १९७१ मध्ये देशभर इंदिरा लाट, नागपुरात मात्र फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे. दोघेही वेगळ्या विदर्भासाठी झगडलेले. पक्षापेक्षा विदर्भ मोठा मानणारं हे शहर, याचा मला अभिमान आहे.

पुढे धोटेच १९८० ला काँग्रेसकडून आले. बनवारीलाल पुरोहित १९८४, १९८९ ला काँग्रेसचे आणि १९९६ ला भाजपचे खासदार. संघाचं मुख्यालय आमच्या महालात, तरी भाजपला ही जागा पहिल्यांदा मिळाली ती तेव्हाच. किल्लेदारच निशाण बदलतो, तिथे बालेकिल्ला कसला?

इतवारीकर : तुमचा मुद्दा खरा आहे, म्हणून तर मी एकाच निवडणुकीचं नाव घेतलं. १९९८ ते २००९ विलास मुत्तेमवार सलग चारदा जिंकले, तिथे 'गड राखला' म्हणावं. नितीन गडकरींच्या २०१४ आणि २०१९ च्या विजयांनाही तेवढंच. तेव्हा वारंच भाजपचं होतं.

२०२४ ची गोष्ट निराळी. वर्धा, चंद्रपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली, अमरावती, सगळीकडे भाजप हरला. विदर्भात त्यांच्याकडे नागपूर आणि अकोला एवढंच उरलं. गडकरींचं मताधिक्य घटून सुमारे १ लाख ३७ हजारांवर आलं, पण जागा राहिली. इथे 'बालेकिल्ला' खुशाल लिहा.