उत्खननातील आपत्तीच्या खुणा आणि संस्कृतीचा अंत (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांचा संवाद)

तेरणाकाठ (धाराशिव) : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, तरी त्यांपैकी बरीच नव्या जागी पुन्हा वसली. मग एखादी प्राचीन संस्कृती आपत्तीने संपली, असे पुरातत्त्वज्ञ कोणत्या पुराव्यावरून म्हणतात? आमच्या तेर येथेही जुन्या भूकंपाच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून ही विचारणा.

पांढरीचा थर : मिळतो तो पुरावा बहुधा वस्ती मोडल्याचा असतो आणि त्यावरून संस्कृती बुडाल्याचे ठरवले जाते, गल्लत इथेच होते. नुसत्या पडलेल्या भिंती पुरत नाहीत, कारण कच्च्या विटांची भिंत ओलीनेही ढासळते; मात्र जमिनीतील तडा खालचे थर चिरत येऊन एका ठरावीक थराखाली थांबला असेल, तर हादरा त्या थराच्या आधी बसला, असे सांगता येते. राजस्थानातील कालीबंगा येथे असे सरकलेले थर मिळाले आणि तो भूकंप इ.स.पू. २७०० च्या सुमाराचा मानला जातो. पण पुढे त्याच जागी हडप्पा संस्कृतीचे नगर उभे राहिले. इ.स. ७९ मध्ये इटलीतील पॉम्पेई हे रोमन नगर ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, रोमन साम्राज्य मात्र त्यानंतर शतकानुशतके टिकले.

दुधनेकाठचा वाचक (परभणी) : हे भूकंपाला लागू पडेल, अवर्षणाला नाही. अवर्षण भिंती पाडत नाही. त्याचा पुरावा तळ्यांच्या गाळात आणि गुहांत ठिबकत्या पाण्याने साठलेल्या चुन्याच्या स्तंभांत शोधावा लागतो. मेघालयातील मावम्लुह गुहेतील अशाच स्तंभाच्या आधारे सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणापासून सुरू होणाऱ्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. सिंधू खोऱ्यातील नगरे त्यानंतरच्याच शतकांत आक्रसली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको की, पाणी आटले की माणसे पांगतात. हडप्पाचे लोकही पूर्वेकडे पांगले, पण त्यांची लिपी आणि मुद्रा मागेच राहिल्या. संस्कृतीचा अंत म्हणायचा तर तो हाच.

पांढरीचा थर : अवर्षणाबाबत आपले म्हणणे मान्य आहे, फक्त एकाच सुमारास घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असतोच असे नाही. तेरचा भूकंप चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचा मानला गेला आहे. सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकातच संपली होती आणि रोमशी चालणारा व्यापारही ओसरला होता, तेव्हा प्राचीन तगरच्या, म्हणजे तेरच्या, उतरणीचे खापर एकट्या भूकंपावर फोडता येत नाही. शिवाय तेरमधील उत्तरेश्वराचे विटांचे देवालय त्या भूकंपानंतरचेच आहे.