शब्दचर्चा : ‘पान सापडले नाही’ – कुठलं पान, आणि कुणाला सापडलं नाही?

रंकाळाकाठ

कोल्हापुरातल्या एका केटरिंगवाल्यांचं ऑर्डर घ्यायचं वेब अ‍ॅप मी सांभाळतो. लग्न, बारसं, वास्तुशांत, जत्रा. तांबडा-पांढरा रस्साही असतो आणि नुसतं वरण-भात-जिलेबीचं जेवणही. या धंद्याचा सगळा हिशेब पानांवर चालतो. ‘दीडशे पानं’, ‘पानामागं इतके रुपये’, ‘वीस पानं जादा धरा.’ म्हणून फॉर्मवरही मी ‘किती पानं?’ असंच लिहिलंय.

गेल्या महिन्यात मालकांनी एका गिऱ्हाइकाला मेनूची लिंक पाठवली. ती उघडली नाही आणि तिकडं मोठ्या अक्षरांत दिसलं : ‘४०४ – पान सापडले नाही.’ (मागितलेला पत्ता सर्व्हरकडं नसला की तो ब्राउझरला पाठवतो तो हा ठरलेला आकडा.) लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मुलीच्या वडिलांनी फोन करून विचारलं, आगाऊ रक्कम घेऊन आता पान नाही म्हणता? मग मालकांचा मला फोन : “भावा, हे काय लिवलंयस? पंचवीस वर्षं झाली, आपल्या हितनं पान मिळालं न्हाई म्हणून माणूस उठून गेलेला न्हाई!”

मी म्हटलं, बरं, ‘पेज सापडले नाही’ करतो. त्यावर मालकीणबाई मागून म्हणाल्या, “पेज तर आपण करतच न्हाई.” म्हणजे इकडं पान जेवायचं आणि तिकडं पेज आजाऱ्याला द्यायची.

लिंक का उघडली नाही तेही सांगतो, कारण ते कारणही मराठीचंच आहे. पत्त्यात ‘पांढऱ्या-रश्श्याचा-मेनू’ असं होतं. ‘पांढऱ्या’तला तो पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते. मी लॅपटॉपवर एका तऱ्हेनं पान बनवलं, मालकांनी मोबाइलवर पत्ता दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केला. यूनिकोडच्या (संगणकावर अक्षरांना क्रमांक द्यायच्या जागतिक पद्धतीच्या) नेहमीच्या प्रमाणीकरणानंही ही दोन रूपं एक होत नाहीत, ते काम आपणच करावं लागतं. आता पत्ता शोधायच्या आधी मी दोन्हींचं एक रूप करून घेतो. तो प्रश्न मिटला.

वाक्याचा मात्र मिटलेला नाही. या अ‍ॅपवर काय लिहावं? ‘पृष्ठ आढळले नाही’ सुचवणाऱ्यांनी आधी हे मालकांना मोठ्यानं वाचून दाखवायची तयारी ठेवावी.

मुद्रितवाचक

‘पृष्ठ’ला माझा विरोध आहे, पण मालकांच्या भीतीनं नाही. छापखान्यात पान म्हणजे कागदाचं एक पातं आणि पृष्ठ म्हणजे त्याची एक बाजू. सोळा पृष्ठांच्या फॉर्मात आठच पानं असतात. वेबवर कागदच नाही, मग बाजू कशाची? शिवाय पृष्ठ म्हणजे मुळात पाठ. पृष्ठवंशी प्राणी, पृष्ठभाग. रोजच्या बोलण्यात पृष्ठ कुणी उलटत नाही, पानच उलटतो. वर्तमानपत्रही ‘पान १ वरून’च लिहितं.

‘आढळणे’ बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. आढळण्यात शोध नसतो, ओघात दृष्टीस पडणं असतं. राधानगरीच्या जंगलात गवे आढळतात, म्हणजे कुणी ठरावीक गवा शोधायला गेलेलं नसतं. ज्याचा नेमका पत्ता देऊन शोध घेतला त्याला ‘सापडणे’ हवं. चष्मा सापडत नाही. चष्मा आढळत नाही असं घरात कुणी म्हणत नाही. (म्हटलं तर घरचे काळजीत पडतील.)

अपवाद सरकारी दप्तराचा. जन्माची जुनी नोंद काढायला जा, उत्तर येतं, ‘सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही.’ या वाक्यात कुणी शोधलं, किती शोधलं, शोधलं तरी का, काही कळत नाही. कर्ता गायब करायची त्या भाषेची हातोटी वादातीत आहे. ४०४ चं सरकारी मराठी हवं असेल तर ते तयारच आहे.

सर्व्हरवाला

वरच्यांनी दप्तराची थट्टा केली खरी, पण ४०४ चा मूळ अर्थ त्या वाक्याच्या बराच जवळ आहे. एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांची, जी व्याख्या २०२२ मध्ये नव्यानं प्रसिद्ध झाली (आरएफसी ९११० हा प्रमाण-दस्तऐवज), तिच्यात ४०४ चे दोन अर्थ एकत्र दिलेत : सर्व्हरला ती गोष्ट सापडली नाही, किंवा ती आहे हे सांगायची सर्व्हरची तयारी नाही. दुसरा अर्थ लोक विसरतात. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवर, दुसऱ्याची खासगी रेपो (कोडचा साठा) उघडून बघा. ‘परवानगी नाही’ असं येत नाही, ४०४ येतो. परवानगी नाही म्हटलं की अशी रेपो आहे हे कबूल केल्यासारखं होतं.

रंकाळाकाठ, तुमच्या अ‍ॅपवर ऑर्डरींची पानं असतीलच. कुणी पत्त्यातला ऑर्डर क्रमांक एकेक वाढवत बसला, तर कुठल्या क्रमांकाला ‘नाही’ आणि कुठल्याला ‘परवानगी नाही’ येतं यावरून तुमच्याकडं किती ऑर्डरी आहेत ते मोजेल. दोन्हीकडं एकच वाक्य हवं, शब्दश: एकच. म्हणून ‘उपलब्ध नाही’ हे वाक्यही मला नको वाटतं. ‘आज दूध उपलब्ध नाही’ या पाटीचा अर्थ दूध असतं, आज संपलंय. ‘उपलब्ध नाही’मध्ये अर्धी कबुली आहे.

आणखी एक. ४०४ ‘सध्या नाही’ की ‘कायमचं नाही’ हे सांगत नाही. कायमचं काढलं असेल आणि सर्व्हरला ते माहीत असेल तर ४१०. जागा कायमची बदलली असेल तर ३०१, आणि तेव्हा माणसाला वाक्य दाखवायचं कारणच नाही, त्याला थेट नव्या जागी न्यायचं. मराठीत हे तीन वेगळे भाव आहेत आणि आपण तिन्हींना ‘पान सापडले नाही’ लावून मोकळे होतो. ‘पान हरवले’ हा तर सरळ खोटेपणा. हरवायला आधी असावं लागतं.

मंगळवार पेठ

एवढं कशाला? ‘गावंना’ लिहा. पान गावंना. संपलं.

रंकाळाकाठ

@मंगळवार पेठ, गावंना माझ्या तोंडात रोज आहे. चावी गावंना, पोरगं गावंना, शेवटी एकदा गावलं. पण मालकांच्या ऑर्डरी पुण्या-मुंबईहूनही येतात. ‘पान गावंना’ वाचून तिकडचा माणूस गाव शोधत बसेल.

पण तुमच्या शब्दानं एक चांगली गोष्ट हाताला लागली. गावंना, सापडेना, उघडेना, ऐकेना. या ‘ना’मध्ये खटपट आहे. दार उघडेना म्हणजे ढकलतोय, कडी हलवतोय, तरी उघडत नाही, आणि अजून सोडून दिलेलं नाही. म्हणजे हे रूप ४०४ चं नव्हे. सर्व्हरवर ताण आला, डेटाबेसनं दम टाकला, थोड्या वेळानं चालेल, अशा ५०३ ला ते चपखल बसतं : ‘पान उघडेना, थोड्या वेळानं परत बघा.’ ४०४ ला ‘थोड्या वेळानं बघा’ म्हणणं म्हणजे माणसाला उगाच ताटकळत ठेवणं. राजारामपुरीत चाळिसावी गल्ली विचारणाऱ्याला ‘संध्याकाळी या’ म्हणण्यासारखं.

‘सापडणे’ची दुसरी अडचण आता लक्षात आली. हे क्रियापद ‘कुणाला’ मागतं. मला सापडलं, तुला सापडलं नाही. पडद्यावर तो ‘कुणाला’ गाळला की वाचणारा स्वत:ला घालून घेतो : मला सापडलं नाही, म्हणजे माझंच काही चुकलं. आमच्या बाबतीत चूक माझी होती, आणि मुलीचे वडील दहा मिनिटं मोबाइल बंद-चालू करत बसले.

मुद्रितवाचक

मग ‘त्रुटी ४०४’ तर अजिबात नको. ही त्रुटी हिंदीच्या वाटेनं आलीय. तिकडं त्रुटि म्हणजे चूक. आपल्याकडं त्रुटी म्हणजे उणीव, कमी पडलेलं काहीतरी. ‘अर्जातील त्रुटींची पूर्तता करावी’ हे बरोबर, कारण उणीव भरून काढता येते. चुकीची पूर्तता कशी करणार? त्याच वाटेनं ‘पुनः प्रयास करा’ आलंय. मराठीत प्रयास पडतात, म्हणजे दमछाक होते, करायचा असतो तो प्रयत्न. आणि ‘अवैध दुवा’ कुणी लिहिलं असेल तर त्याला दंडवत. अवैध म्हटलं की मला मटक्याच्या अड्ड्यावर पडलेला छापाच आठवतो.

‘एरर’ राहू दे. एसटीचा कंडक्टरसुद्धा तिकिटाचं मशिन ‘एरर दाखवतंय’ म्हणतो.

निवृत्त टपाली

मी या क्षेत्रातला नाही, पण आयुष्यभर हेच काम केलं. परत जाणाऱ्या पाकिटावर आम्ही शेरा मारत होतो. ‘पत्ता अपुरा’, ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’, ‘सोडून गेले’, ‘दार बंद’, ‘घेण्यास नकार’. पाचही शेऱ्यांत पत्र परतच जायचं, पण पाठवणाऱ्याला पुढं काय करायचं ते शेऱ्यावरून कळायचं. ‘दार बंद’ असेल तर आम्हीच पुन्हा फेरी मारायचो. ‘सोडून गेले’ असेल आणि नवा पत्ता नोंदवलेला असेल तर पाकीट तिकडं वळतं व्हायचं. पेठेत तर ‘अमुक तालमीमागं’ एवढ्या पत्त्यावरही पत्र पोचवलंय, पण तिथं माझी ओळख कामाला आली, पत्ता नव्हे.

‘सापडले नाही’ असा शेरा आमच्याकडं नव्हता. टपाल्याला सापडलं नाही हा शेरा नव्हे, तो टपाल्याचा कमीपणा. शेरा पत्त्याबद्दल असतो.

सर्व्हरवाला

टपालीकाकांनी मुद्दा संपवलाच. वाक्य पत्त्याबद्दल हवं.

फक्त वाक्याबरोबर शेराही, म्हणजे सर्व्हर आतून पाठवतो तो आकडाही, खरा जाऊ द्या. कित्येक ठिकाणी पडद्यावर ‘सापडले नाही’ दिसतं आणि आतून सर्व्हर २०० म्हणजे ‘सगळं ठीक’ सांगत असतो. गूगल त्याला सॉफ्ट ४०४ म्हणतं. ब्राउझरमध्येच पानं जुळवणाऱ्या अ‍ॅपमध्ये सर्व्हर कुठल्याही पत्त्याला तीच एक फाइल देतो, तिथं हे हमखास होतं. अपाची या सर्व्हर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एररडॉक्युमेंट या सेटिंगला पानाचा पूर्ण पत्ता, एचटीटीपीपासून, दिला की तो रीडायरेक्ट करतो, म्हणजे माणसाला त्या पत्त्यावर पाठवतो, आणि ४०४ वाटेतच गळून पडतो. तिथं तिरप्या रेषेनं सुरू होणारा स्थानिक पत्ताच द्यायचा. चुकलेल्या प्रत्येकाला मुखपृष्ठावर ढकलणं हाही त्यातलाच प्रकार. माणसाला वाटतं आपण मागितलेलं हेच.

जाता जाता एक गंमत. जुना इंटरनेट एक्सप्लोरर ५१२ बाइटपेक्षा लहान ४०४ पान आलं की ते बाजूला सारून स्वत:चंच इंग्रजी पान दाखवायचा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेतं. म्हणजे मराठीत साधारण १७१ चिन्हं लिहिली की उंबरठा पार. इंग्रजीवाल्यांना पाल्हाळ लावावं लागायचं. ‘पान सापडले नाही’ हे मात्र मधल्या दोन जागा धरून ४१ बाइट, तेवढ्यानं भागलं नसतं.

रंकाळाकाठ

काल चढवलं. आता असं आहे :

‘या पत्त्यावर काही नाही. पत्ता आमच्याकडून चुकीचा गेला असू शकतो. तुमची ऑर्डर सुरक्षित आहे. मेनू इथे बघा, किंवा आम्हाला फोन करा.’

पान नाही, पेज नाही, पृष्ठ नाही. ४०४ हा आकडा खाली बारीक अक्षरांत ठेवलाय, फोनवर मला सांगायला सोपा म्हणून. दुसऱ्याच्या ऑर्डरीवर कुणी गेला तरी हेच वाक्य येतं, फक्त ‘तुमची ऑर्डर सुरक्षित आहे’ वाचून आगंतुकाला काय वाटेल देव जाणे. शेरा खरा जातोय, तपासला.

मालकांनी वाचलं आणि मान डोलावली. मग मी गेल्या सीझनचे काढून टाकलेले मेनू ४१० वर टाकले आणि तिथं लिहिलं, ‘हा मेनू आता बंद आहे.’ अर्ध्या तासात फोन. “बंद नको म्हनूस. लोक म्हंतील धंदाच बंद केला.”

‘हा मेनू आता करत नाही’ केलंय. त्यावर मालकीणबाई विचारतायत, का करत नाही म्हणून कुणी विचारलं तर काय सांगायचं.