जुन्या जाहिरातींतलं क्लोरोडाइन म्हणजे नक्की काय?

प्रश्न: ब्रिटिश काळातल्या पेपरांच्या जाहिराती वाचतोय, त्यात क्लोरोडाइन नावाचं औषध पटकी, जुलाब, खोकला, निद्रानाश सगळ्यावर रामबाण म्हणे. एकच बाटली एवढ्या रोगांवर कशी काय चालायची?

खलबत्ता: डॉ. कॉलिस ब्राउन, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेतला डॉक्टर, त्याने १८४८ च्या सुमारास पटकीसाठी काढलं. आत अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म! अफूने आतडं मंदावतं, खोकला दबतो, दुखणं कळत नाही आणि वर झोप लागते, म्हणजे लोकांना गुण आल्यासारखं वाटणारच ना. पटकीचे जंतू मात्र तसेच, अंगातलं पाणी आधीच गेलेलं. पुढे अनेकांना याचं व्यसन लागलं, हे वाचून फार वाईट वाटतं.

जुनीबाटली: सगळंच तसलं नव्हतं हां. अमृतांजन बघा, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ ला मुंबईत सुरू केलं, गाण्याच्या मैफिलींत फुकट वाटून खप वाढवला. तो बाहेरून चोळायचा बाम.

प्रश्नकर्ता: भारी माहिती! मग यावर कायदा कधी आला?

खलबत्ता: औषधांच्या चौकशीसाठी चोप्रा समिती १९३० ला नेमली, ड्रग्ज अ‍ॅक्ट आला १९४० ला. चमत्कारी इलाजांच्या जाहिरातींवर लगाम तर थेट १९५४ ला.