आश्वे-मांद्र्यात तीन आठवडे कुत्री-मांजरं सांभाळायची आहेत. सर्फिंग आणि भटकंती कशी बसवावी?

हिरवी_छत्री

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवसापासून तीन आठवडे उत्तर गोव्यात आश्वे आणि मांद्रे यांच्या मधल्या एका घरात मुक्काम आहे. घरमालक बाहेरगावी. सहा वर्षांची लॅब्रडॉर कुत्री, एक बोका आणि एक भाटी असा कारभार माझ्याकडे. भाड्याची स्कूटर मिळेल. पोहता येतं, पण सर्फबोर्डवर अजून पाय ठेवलेला नाही.

विचारायचं ते असं: कुत्रीला एकटीला किती वेळ ठेवलं तर चालतं? सर्फिंगचे धडे दिवसाच्या कुठल्या वेळी घ्यावेत? आणि उरलेल्या वेळात हरमल-केरीच्या बाजूला काय बघण्यासारखं आहे? कळंगुट-बागा नको.

शापोराकाठ

सहा वर्षांची, घराला सरावलेली लॅब चार तास आरामात राहते, पाच म्हणजे ताणून. पण माणूस नवीन असलं की हा हिशोब लागू होत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी तासभर असं बाहेर जाऊन बघा. परत आल्यावर दाराची चौकट कुरतडलेली किंवा जमीन लाळेने ओली दिसली तर वेळ वाढवू नका. मांजरांना तुमच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नसतं.

थोडक्यात, घरातून निघून परत येईपर्यंत चार तास, एवढीच तुमची दोरी.

सर्फिंग सकाळीच. नोव्हेंबरात पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंत मतलई वारे जमिनीकडून वाहतात, त्यामुळे लाट गुळगुळीत राहते आणि सावकाश फुटते. दुपारी बाराच्या पुढे वायव्येकडून खारे वारे सुटले की पाण्यावर नुसता खडबडाट. नवशिक्याला त्यात लाट ओळखताच येत नाही. इथली लाट या महिन्यांत छोटी असते, कमरेएवढी किंवा त्याहून कमी, आणि तळाला वाळू. शिकायला याहून बरं काय हवं? ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र पावसाळ्याची ओढ, म्हणजे आत समुद्रात खेचणारा प्रवाह, शिल्लक असते. तुमच्या तारखा त्यातून सुटल्यात.

बोर्ड आठ ते नऊ फुटी, मऊ फोमचाच मागा. सहा-सात फुटी देखणा बोर्ड कुणी पुढे केला तरी घेऊ नका, त्यावर तीन आठवड्यांत उभं राहणं होत नाही. बोर्डाची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला. अंगात पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट), नाहीतर दुसऱ्या दिवशी पोट आणि बगला सोललेल्या.

हमखास होणाऱ्या चुका तीन. छाती फार पुढे ठेवली की बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही त्याच्यावरून पुढे. नाक पाण्याच्या चार बोटं वर राहील इतपत मागे सरका. दुसरी, पाण्यात चालताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधे आडवा धरणं. लाट तो थेट तोंडावर आणते. बोर्ड कायम बाजूला, नाक लाटेकडे. तिसरी, पडताना डोकं खाली घालून सूर मारणं. पाणी कमरेएवढंच असतं. पाठीवर किंवा कुल्ल्यावर पडा, हात डोक्याभोवती.

उथळ पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेली चपटी मासळी, बसलेली असते. पाय लागला की ती पळते, पाय वर पडला की काटा मारते.

लाल-पिवळ्या झेंड्यांमधली पट्टी पोहणाऱ्यांची, बोर्ड तिथे न्यायचा नाही. जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा असतात, त्याआधी एकट्याने पाण्यात उतरू नका. मोरजीच्या टोकाला शापोरा नदीचं मुख आहे, तिकडे तर बोर्ड घेऊन अजिबात नाही. ओहोटीला नदी समुद्रात जोरात रिकामी होते. कधी ओढीत सापडलातच तर बोर्ड सोडायचा नाही आणि किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर वल्हवत बाहेर पडायचं. ओढ वरून ओळखता येते: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तोच तो. नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात, कारण लाटा कमी.

भांग_उधाण

वरच्यांनी वारा सांगितला, मी भरती सांगतो. कुत्री आणि बोर्ड दोघांचंही वेळापत्रक तिच्यावर आहे.

कोकणातला जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा. हा आकडा मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याच्या साधारण तासभर आधी येते. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या कोष्टकात बघा, पण आठवड्याचा आराखडा तिथीवरच करता येतो.

तुमच्या तारखांना लावून बघू. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे पंधरावी तिथी आणि उधाण. भरती सकाळी सव्वादहाच्या आसपास, पाणी पार वरपर्यंत. अशा वेळी लाट सरळ किनाऱ्याच्या उतारावर आपटते, तो दिवस धड्यासाठी सोडून द्या. भाऊबीजेपासून पंचमीपर्यंत मात्र ओहोटी सकाळी सहा ते साडेआठ. पहाटे ओली, घट्ट, रुंद वाळू कुत्रीला फिरवायला, आणि आठ-नऊ वाजता चढत्या पाण्यात तुमचा धडा. हे चार दिवस आत्ताच धरून ठेवा. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, ओहोटी अकराकडे. त्या दिवसांत धडा साडेआठच्या आत नको.

सूर्योदय साडेसहाच्या सुमाराला, सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. तेव्हा दिवस असा: साडेसहा ते साडेसात कुत्री, मग तिचं जेवण आणि मांजरांचं, साडेआठ ते साडेदहा पाणी, अकराच्या आत घरी.

मोकाट_नको

धडा आणि कुत्री एकाच फेरीत उरकायचा मोह होईल. तिला शॅकच्या (किनाऱ्यावरच्या खानावळीच्या) खांबाला बांधून पाण्यात उतरू नका. तुम्ही लाटांत दिसेनासे झालात की ती पट्टा तोडते किंवा समुद्र पिते.

समुद्राचं पाणी हीच लॅबची मुख्य भानगड. चेंडूमागे पोहताना दर खेपेला घोटभर खारं पाणी पोटात जातं. दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की घरी येऊन जुलाब, जास्त झालं तर उलट्या, लडखडणं, झटके. झटक्यांपर्यंत गोष्ट गेली तर तो घरी बरा होणारा प्रकार नाही, लगेच डॉक्टर. म्हणून लिटरभर गोडं पाणी आणि वाटी सोबत, दर पंधरा मिनिटांनी पाजायचं, पाण्यातला खेळ दहा मिनिटांवर नको. चेंडूऐवजी दोरीचं खेळणं न्या. चेंडूला चिकटलेली वाळू गिळली जाते आणि आतड्यात साचते.

परत आल्यावर गोड्या पाण्याने पोट, पंजे, बोटांमधल्या खाचा धुवा. कान उलटून मऊ कापडाने कोरडे करा, आत काडी घालू नका. लॅबचे कान लोंबते, आत ओल राहिली की चार दिवसांत वास आणि खाज सुरू.

वाळूवरचं काहीही तोंडात जाता कामा नये. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढल्यावर नको असलेली मासळी तिथेच टाकतात आणि त्यात केंड (फुगणारा मासा) असतो. मेलेला, वाळलेला केंडसुद्धा कुत्र्याला विषारी. शिवाय मासळीच्या डोक्यात कधी गळ तसाच असतो. पट्टा दीड-दोन मीटरचा ठेवा, लांब सुटणारा नको.

मोकळं सोडायला हरकत नाही म्हणणारे इथे बरेच भेटतील. माझं मत नको असंच. शॅकगणिक कुत्र्यांची एकेक टोळी असते आणि हद्द ठरलेली असते. टोळी आली तर आपल्या कुत्रीला उचलून घेऊ नका, धावू नका. पाण्याच्या कडेने, वळसा घेऊन, न थांबता पुढे. शिवाय नोव्हेंबरपासून मोरजी-आश्वे पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंड्यांसाठी येऊ लागतात. कुंपण घातलेली घरटी दिसतील, न घातलेलं कुत्रीच्या नाकाला आधी कळतं.

तुम्हाला कुत्रा चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन. पुढची ३, ७, १४, २८ व्या दिवशी, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही लागतं. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालाय, पण त्या भरवशावर इंजेक्शन टाळायचं नसतं.

दोन_वाट्या

मांजरांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

गोचिडांचे हे दिवस. कुत्रीला शेवटचं औषध कधी दिलं ती तारीख मालकांकडून घ्या. रोज कानामागे, पट्ट्याखाली, बोटांत, शेपटीच्या मुळाशी बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडी पेटवून चटका, यांतलं काही नको. पण मुख्य मुद्दा असा: कुत्र्याच्या मानेवर घालायच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना जीवघेणं. कुत्रीला लावलंत तर जागा पूर्ण सुकेपर्यंत मांजरं वेगळ्या खोलीत. मांजराला त्यातलं 'थोडंसं' कधीही लावू नका.

बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघायची नाही. मूत्रमार्ग अडलेला असतो, काही तासांचा खेळ. मांजर चोवीस तास काही खात नसेल तरी डॉक्टर. रुसलंय म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः जाड असेल तर. उपाशी राहिल्यावर यकृत बिघडतं.

मालक निघायच्या आधी व्हॉट्सॅपवर लेखी घ्या: कुठला डॉक्टर, खर्चाला किती रुपयांपर्यंत त्यांना न विचारता होकार, फोन लागला नाही तर निर्णय कुणाचा. जवळचे डॉक्टर म्हापशाला धरा. पणजीला टोंकाला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. दोन्हीकडची वेळ आणि रविवारचं काय, ते आधी फोन करून ठेवा. मुंग्यांसाठी जेवणाची वाटी पाण्याच्या ताटलीत.

हिरवी_छत्री

भाऊबीज ते पंचमीचे धडे आत्ताच सांगून ठेवते. नरकासुराच्या रात्रीचं काय? आणि दुपारी चार तासांत कुठवर जाता येईल?

शापोराकाठ

ती रात्र सगळ्यात अवघड, बरं झालं विचारलंत. वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे, रात्रभर स्पीकर, पहाटे दहन आणि फटाके. तुमची ती पहिलीच रात्र, म्हणजे कुत्रीला तुमची सवय नाही. संध्याकाळी पाचला लांब फिरवून आणा, सातच्या आत जेवण. मग रस्त्यापासून आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, तिचं अंथरूण भिंतीशी. गळ्यात नाव-फोनची पट्टी रात्रभर राहू द्या. भेदरलेली कुत्री फाटकाच्या फटीतून निसटते. मांजरं दुपारीच आत घ्या. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने नको.

आता भटकंती. दुपारी बारा ते चार वाळू तापलेली, कुत्री घरी झोपणार, तुमची सुट्टी तीच. हाताची उलटी बाजू वाळूवर सात सेकंद ठेववत नसेल तर तिचेही पंजे भाजतात.

केरीहून फेरीने तेरेखोल. नदीपलीकडचा हा गोव्याचा तुकडा. सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रह्यांनी तो एका रात्रीपुरता ताब्यात ठेवला होता. तिथून पुढे महाराष्ट्रात रेडी: यशवंतगड, आणि १९७६ मध्ये खाणीत सापडलेला गणपती. शिरोड्यापर्यंत ताणलंत तर मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथलाच. वि. स. खांडेकर त्याच गावात १९२० पासून अठरा वर्षं शिक्षक होते. पण शिरोडा धरून चार तासांत बसत नाही, फेरीची वाट बघण्यातच वेळ जातो. तेरेखोल-रेडी बसतं. भाड्याची स्कूटर, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, गोव्यापुरतीच असते. हद्द ओलांडायची तर आधी भाड्याने देणाऱ्याला विचारा. आणि येताना-जाताना डिकीत दारूची बाटली नको.

ज्या खाऱ्या वाऱ्याने दुपारचं सर्फिंग बिघडतं, त्याच्यावरच हरमल-केरीच्या कड्यावरचं पॅराग्लायडिंग चालतं. तेव्हा ते तीननंतर. हरमलचं गोड्या पाण्याचं तळं त्याच वाटेवर, कुत्रीला नेऊ नका, वाट खडकाळ आणि गर्दीची.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळी. त्या दिवशी सर्फिंग सोडा. मोयऱ्याची केळी तिथेच घ्या.

दशावतारी नाटकं या दिवसांत पेडण्याकडे सुरू होतात. उशिरा उभी राहतात आणि पहाटेपर्यंत चालतात. कुत्रीला दहाला बाहेर नेऊन आणून साडेदहाला निघालात तर अडीचला घरी पोहोचाल इतपत बसता येईल, राक्षसाचा प्रवेश सापडतो. येताना बॅटरी हातात हवी. पाऊस संपल्यावरचं गवत, घोणस रस्त्यावर उबेला येते.

मोकाट_नको

एक राहिलं. सकाळी सहा-साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो आणि लॅब फाटकाकडे सुसाट धावते. पोळी, उंडे (दोन्ही पावाचेच प्रकार) घ्यायचे असतील तर तिला आधी पट्टा लावा, मग फाटक उघडा.