मांजराचा मेंदू आणि सरकारी पैसा

‘मांजरांच्या मेंदूत तारा खुपसायला करदात्यांनी पैसे का द्यायचे, उपयोग आधी सांगा’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. ह्यूबेल आणि वीझल हे मेंदूचे शास्त्रज्ञ १९५८ साली मांजराला पडद्यावर ठिपके दाखवत होते, तार लावलेली मेंदूतली पेशी ढिम्म. ठिपक्याची काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि पेशी तडतडली, म्हणजे भराभर संकेत देऊ लागली! हे पैशाच्या अर्जात आधी कोण लिहिणार?

पुढे त्यांनी पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला (वाचायलाही नकोसं वाटतं, मान्य). कोवळ्या वयात न वापरलेला डोळा मेंदू सोडूनच देतो, हे त्यातून कळलं. बाळांचा जन्मजात मोतीबिंदू काढायची घाई करतात ती म्हणूनच. कमजोर डोळा वापरात यावा म्हणून भाचीच्या धड डोळ्यावर लावलेली पट्टी ती उपटून फेकायची, आम्ही कार्टून लावून पुन्हा चिकटवायचो. पट्टीचा उपाय जुनाच, पण ‘आत्ताच करा’ असं डॉक्टर का म्हणतात त्याचं उत्तर या मांजरांकडून आलं.