दारात गाडी दिसली की गरिबी संपली का?

मालदांडी: काल 'उजनीकाठ' यांनी इथंच टाकलं होतं: "दारात मोटरसायकल, हातात स्मार्टफोन, आणि म्हणे गरीब! नीती आयोगच सांगतोय, गरिबी 2019-21 पर्यंत 24.85 वरून 14.96 टक्क्यांवर आली. उरले ते फुकटे." दोन ओळींत सोडणार होतो, पण डोकं फिरलं.

आरोग्य, शिक्षण, राहणीमान मिळून गरिबी मोजणाऱ्या ज्या बहुआयामी निर्देशांकावर उड्या मारताय, त्याचं गणित बघितलंय का? पाणी, संडास, घर, सरपण, प्रत्येकाला वजन 1/21. चारही नसले तर 4/21. गरीब ठरायला उणिवांची बेरीज लागते 1/3. म्हणजे कुडाच्या घरात चुलीवर भाकरी थापणारी, पाण्याला कोसभर जाणारी, उघड्यावर बसणारी बाई, आरोग्य-शिक्षणाच्या रकान्यांत काही कमी नाही एवढ्यावर गरिबीतून बाहेर! आणि कर्ज? त्याला रकानाच नाही.

उजनीकाठ: 1971 ला अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथांनी गरिबी ठरवायला उष्मांक मोजले, तेव्हा म्हणालात माणूस फक्त पोट नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 2011-12 ला खेड्यातली गरिबीची रेषा माणशी महिना 816 रुपये निघाली, तेव्हा खिल्ली उडवलीत. आता पाणी-संडास मोजलं तर तेही नको. तुम्हाला गरीब जास्तच पाहिजेत. इकडं खुरपायला बाई मिळंना. 5 किलो धान्य फुकट, वर बहिणीचे 1500. कोण येतंय उन्हात?

हुतात्मानं_पुण्याला: रोज किती देता, ते लिहा ना.

उजनीकाठ: 300. वर चहा.

हुतात्मानं_पुण्याला: चहा पण! मग तर रांग लागायला पाहिजे होती.

सांगोला_रोड: मजुरांचं नंतर. गाडीवर बोलतो. माझ्या चुलतभावानं चिंचोळी एमआयडीसीत कामाला जायला फायनान्सवर गाडी घेतली, कारण रात्रपाळी सुटल्यावर एसटी नसते. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसं. घरकुलाच्या यादीत नाव होतं, दुचाकी दिसली म्हणून बाद. हप्ता थकला की वसुलीवाला उंबऱ्यात बसायचा, त्याची नोंद कुणी घेतली नाही. ती अट 2024 ला काढली. तोवर पोरगी लग्नाला आली.

खडू_फळा: सर्व्हेला गेलोय म्हणून दोघांनाही सांगतो. ट्रॅक्टर भावकीच्या दारात लावून "काही नाही वो सर" म्हणणारे बघितलेत. आणि सिलिंडरवर टॉवेल टाकून वर देव मांडलेलं घरही बघितलंय, मागं चूल पेटलेली. हा निर्देशांक ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून काढतात, तिच्यात स्वयंपाक मुख्यतः कशावर होतो हे विचारतात, म्हणजे नुसत्या सिलिंडरनं सुटका नाही. पण मोबाइल आणि गाडी असली की मालमत्तेच्या रकान्यात तुम्ही सुखी. गाडी हप्त्याची आहे का, हे तिथं कुणी विचारत नाही.

उजनीकाठ: 1/21 चं बघितलं. बरोबर निघालं. वाटा पेढे. पण मजुरांचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

मालदांडी: दिलं की. 300 मध्ये येत नाहीत, हेच उत्तर. आणि उसाची लागण-खुरपणी सोडून उरलेलं वर्ष त्या बाईनं काय खायचं? तुमचा चहा?

उजनीकाठ: उसाचं बिल वेळेवर आलं तर 400 पण देतो. कारखान्याकडं थकलंय, तेव्हा मी गरीब का श्रीमंत, ते मोजा आधी.

हुतात्मानं_पुण्याला: बागायतदार गरीब! आता बघायचं एवढंच राहिलं होतं.

उजनीकाठ: पुण्यात बसून बोलायला काय जातंय. सोमवारपासून लागण आहे. 400 नं आठ बाया पाठवा, आत्ता रोख देतो.

सांगोला_रोड: टमटमचं भाडं कुणाकडं?